ऐकण्याची पायरी

कावेरी मगदूमनं लिहिलेले प्रोग्रॅम कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत, कारण ते एकदाच चालायचे. संगणकावर नवं सॉफ्टवेअर चढवताना पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते, तिच्या मागे कावेरीचं काम असे. पट्टी भरली, 'पूर्ण झाले' असं उमटलं, की तिचा कोड तात्पुरत्या फोल्डरसकट पुसला जाई.

"तू नक्की करतेस तरी काय?" आईनं एकदा विचारलं होतं. तेव्हा मिरजेतलं त्यांचं घर रंगवायला काढलं होतं, म्हणून कावेरीला उदाहरण शोधावं लागलं नाही.

"रंगारी आला तेव्हा पहिल्यांदा नुसताच घरभर फिरला, बघितलंस ना? काही हलवलं नाही. कपाट कुठं जाणार, पलंग कुठं जाणार, सगळं फक्त मनाशी ठरवलं. सॉफ्टवेअर बसवणारा इन्स्टॉलर तसंच करतो. आधी यादी, मग हलवाहलव. आणि प्रत्येक वस्तू हलवायच्या आधी ती परत कशी ठेवायची हे लिहून ठेवतो. मध्येच काही बिघडलं तर उलट्या क्रमानं सगळं होतं तसं करून ठेवायचं. त्याला रोलबॅक म्हणतात."

"मग तुझं काम काय त्यात?"

"कपाट-पलंग रंगाऱ्याला कळतात. आपलं देवघर कसं हलवायचं हे त्याला कळत नाही. ते घरच्या माणसानं सांगायचं. इन्स्टॉलरला जे येत नाही, ती पायरी मी लिहिते. कस्टम ॲक्शन."

"म्हणजे देव हलवतेस," आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

हे बोलणं झालं त्याच्या पुढच्या वर्षी कावेरीच्या वडिलांना, नेमिनाथ मगदूमांना, पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली.

आण्णा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. हे काम त्यांनी निवडलं होतं, कारण त्यात बोलावं लागत नसे. लहानपणापासून ते अडखळायचे. 'प' आणि 'क' ही अक्षरं त्यांच्या ओठांवर, टाळूवर अडकून बसायची. मान हलायची, डोळे मिटले जायचे. अशा वेळी आई शब्द पुरा करायची. आण्णा "प-प-प" म्हणाले की आई "पाणी" म्हणे आणि तांब्या पुढे करी. कावेरी पुण्याला शिकायला होती तेव्हा फोनवर आण्णांचा श्वास ऐकू येई, मग एक "हं", आणि फोन आईच्या हातात जाई.

पक्षाघातानंतर तोही "हं" उरला नाही. काय बोलायचं ते आण्णांना कळत होतं, शब्द आत तयार होत होते. पण मेंदूच्या डाव्या बाजूला शब्दापासून जिभेपर्यंत जाणारी वाट जळून गेली होती.

वाक्सेतू त्या काळात नुकताच माणसांत बसवला जाऊ लागला होता. तांदळाच्या पापडाएवढी पातळ एक पत्री मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायची. तिच्या एका कडेचे तंतू बोलण्याची इच्छा वाचत. दुसऱ्या कडेचे तंतू ओठ, जीभ, गळा हलवणाऱ्या शाबूत भागाला हलका विद्युत इशारा देत. आवाज माणसाचा स्वतःचा, गळा स्वतःचा, फक्त मधली वाट यंत्राची. कुठल्या इच्छेला कुठला इशारा द्यायचा हे प्रत्येकाचं वेगळं असे. सेतू ते महिनोन्महिने शिके, आणि शिकलेलं ज्यात साठे त्याला नकाशा म्हणत. नकाशा जिवंत होता. रोजच्या बोलण्याबरोबर स्वतःला दुरुस्त करत राही.

कावेरी पुण्यात ज्या कंपनीत होती तीच हा सेतू बनवत होती. आण्णा पहिल्या तुकडीतले रुग्ण.

आणि सेतू बसल्यावर आण्णा बोलले, ते सरळ. अडखळणं हा मुळात वेळेचा घोटाळा असतो, गळा आणि जीभ यांचा ताल चुकतो. सेतूचे इशारे घड्याळासारखे नेमके होते. आयुष्यभर अडकलेला 'प' आण्णांच्या तोंडून पाण्यासारखा वाहिला.

मग ते बोलतच सुटले. रोज संध्याकाळी पुण्याला फोन. वारणेच्या कालव्याची मोजणी करताना मधमाश्या कशा मागे लागल्या, साहेबानं नकाशा उलटा धरून कसं भाषण ठोकलं, आईला बघायला गेले तेव्हा एकही शब्द न बोलता लग्न कसं ठरलं. कावेरी हसून हसून बेजार व्हायची. एवढा गमतीदार माणूस आपल्या घरात राहत होता हे तिला वयाच्या चाळिशीत कळलं.

आई मात्र गप्प झाली होती. "बोलतात छान," ती एकदा कावेरीला म्हणाली. "पण मला वाटतं, शेजारी कुणीतरी बसलंय आणि यांच्या मनातलं वाचून दाखवतंय. आणि मला आता काही कामच नाही गं."

त्यानंतर सेतूची नवी आवृत्ती आली. जुनीची देखभाल कंपनी बंद करणार होती, त्यामुळे ती सगळ्यांनाच घ्यावी लागणार होती. जगात एवढं बदललं तरी रुग्णालयातले खाटेजवळचे संगणक विंडोजवरच चालत; एकदा मंजुरी मिळालेली यंत्रणा बदलायला कुणी धजत नसे. तिथूनच, कानामागे ठेवलेल्या चुंबकी चकतीतून, सेतूत बदल होत. नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर कावेरीकडे आला.

फायली बदलणं सोपं होतं, ते इन्स्टॉलरला येत होतं. अवघड होता नकाशा. जुना बाहेर काढायचा, नव्या रूपात बदलायचा, तपासायचा आणि परत आत लिहायचा. हे देवघर होतं.

ती पायरी तिनं सी-शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली. असा कोड स्वतःच्या जिवावर धावत नाही. त्याच्यामागे एक रनटाइम असतो, पाठीशी उभ्या असलेल्या मोठ्या भावासारखा; स्मृती सांभाळतो, पाऊल चुकलं तर धरतो. इन्स्टॉलर जुन्या जमान्यातला, त्याला ही भाषा येत नाही. म्हणून मध्ये एक पातळ दुभाष्या ठेवतात. तो कोडची वळकटी सोडतो, त्याला वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळ्या खोलीत नेऊन चालवतो. आत काही कोसळलं तरी इन्स्टॉलरचं घर पडत नाही. प्रत्यक्ष बदल करताना या पायरीला बाहेरचं काहीच दिसत नाही. यादीच्या वेळी बांधून दिलेली शिदोरी तेवढी सोडून बघता येते. त्या शिदोरीत कावेरीनं रुग्णाची ओळख आणि जुन्या नकाशाची प्रत कुठे ठेवली आहे तेवढं बांधलं.

आणि सुलट्या पायरीच्या आधी उलटी पायरी नोंदवली. बिघडलं तर जुना नकाशा जसाच्या तसा परत. त्यातही तिनं एक जास्तीची ओळ घातली. चकती कानामागे जागेवर नसेल तर चूक समजू नको, थांबून राहा. आण्णांना कानामागे खाजवायची सवय होती हे तिला माहीत होतं.

आण्णांचा नकाशा सगळ्यात जुना, म्हणून पहिला नंबर त्यांचा लागला. मिरजेच्या रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टर फरीदा मुजावर त्यांना तपासत आल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी समजावून सांगितलं, "मगदूमकाका, नकाशा बाहेर असेल तेवढा वेळ सेतू रिकामा असणार. तुम्हाला बोलता येणार नाही. घाबरायचं नाही."

"घाबरेल ती ही," आण्णा आईकडे बघत म्हणाले. "मी गप्प बसलो की हिला सगळं ऐकू यायला लागतं."

सकाळी खोलीत चौघंच होती. आण्णा खाटेवर, आई पायथ्याशी स्टुलावर, डॉक्टर उभ्या, कावेरी संगणकापुढे. चकती लावली. पट्टी भरू लागली. कावेरीनं हे दृश्य हजारदा पाहिलं होतं, पण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कधी तिचे वडील नव्हते.

'नकाशा बाहेर काढत आहे.' सेतूतला प्रवाह शून्यावर गेला. आण्णांनी डोळे मिटले.

'नकाशा रूपांतर.' झालं.

'नकाशा तपासणी.' इथं पट्टी थांबली. मग पडद्यावर लाल अक्षरं आली. नकाशा अपुरा. अनेक नोंदी जवळजवळ रिकाम्या. नकाशा खराब झाल्याची शक्यता.

पट्टी उलट सरकू लागली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासणीत अडकलं. रोलबॅक सुरू झालाय. जुनं सगळं परत बसेल, काळजी नाही," कावेरी म्हणाली. नकाशा कुणी खराब केला? तिच्या कोडनं?

"क... क-क... काय गं?"

कावेरी वळली. आण्णा तिच्याकडे बघत होते.

मग आई स्टुलावरून उठली, पदर तोंडावर धरून. "हे बोलले," ती म्हणाली. "हे स्वतः बोलले."

"सेतू रिकामा आहे ना?" डॉक्टर मुजावरांचा आवाज एकदम खाली आला.

कावेरीनं पडद्यावर बघितलं. प्रवाह शून्य. नकाशा नाही. पत्रीत काहीच चालू नव्हतं. जळलेल्या वाटेवर यंत्राचा पूलही नव्हता, आणि तरी शब्द पलीकडे पोचला होता. अडखळत, मान हलवत, डोळे मिटत. जसा तो आयुष्यभर पोचायचा. यंत्राला असं अडखळता येत नव्हतं. हे अडखळणं हाच पुरावा होता.

"नकाशा खराब नव्हता," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. जणू स्वतःलाच सांगत होत्या. "तो मागे सरत होता. सेतूच्या खाली मेंदूनं स्वतःची वाट बांधायला घेतली. जिथं ती तयार झाली, तिथं सेतूचं काम उरलं नाही, म्हणून नोंद रिकामी. नोंदी विरल्या तरी वरून यंत्राचा ताल चालूच होता, त्यामुळे खालचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. त्यांनासुद्धा."

आयुष्यभर कावेरीनं मशिनींमध्ये गोष्टी बसवल्या होत्या. आपण बसवलेलं कुणी आतून वाचतंय, शिकतंय, आणि आपल्याला न सांगता त्याच्या जागी स्वतःचं काही उभारतंय, हे तिच्या कल्पनेतही कधी आलं नव्हतं.

पट्टी उलट सरकत तिच्या पायरीशी येत होती. 'जुना नकाशा लिहीत आहे' ही अक्षरं उमटणार, तोच आण्णांनी हात वर केला आणि कानामागची चकती ओढून काढली.

पडद्यावर आलं, 'चकतीची वाट पाहत आहे.'

"आण्णा, लावा ती परत," कावेरी म्हणाली. "हे अर्ध्यावर आहे. असं सोडता येत नाही."

आण्णांनी चकती मुठीत धरली. "ग-ग-गार वाटतंय. डोक्यात. को... कोणीतरी उठून ग-गेल्यासारखं."

"डॉक्टर, तुम्ही सांगा ना त्यांना."

डॉक्टर मुजावर खाटेच्या कडेला बसल्या. "काका, मला माहीत असतं तर सांगितलं असतं. जुना नकाशा घातला तर कालच्यासारखं स्वच्छ बोलाल. पण सेतूचा ताल परत वर बसेल, आणि खालची वाट कदाचित वापराविना राहील. घातला नाही तर ही वाट वाढेल, का आहे तेवढीच राहील, का जाईल, मला माहीत नाही. असं आधी कुणाचं झालेलं नाही."

कावेरी संगणक सोडून आण्णांजवळ आली. तिला काय हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला संध्याकाळचे फोन हवे होते. मधमाश्या हव्या होत्या. "आण्णा, तुम्ही किती बोलायला लागला होता," ती म्हणाली. "मला आत्ता कुठं तुम्ही कळायला लागला होता."

आण्णांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'प' आला. ओठ मिटले, थरथरले, उघडेनात. मान मागे गेली. आईचे ओठ सवयीनं हलले. शब्द तिच्या जिभेवर तयार होता हे दिसत होतं. तिनं तोंडावर हात घट्ट दाबला आणि वाट पाहिली. सगळेच वाट पाहत होते. पडद्यावरसुद्धा तेच लिहिलं होतं.

"प-प... प-पण ते मी ब-बोलत नव्हतो, बाळ. मी ऐ... ऐकत होतो. तु-तुझ्यासारखाच. म-मजा यायची." ते थांबले. कपाळावर घाम होता. "आ-आता माझं मला क-करू दे."

कावेरी संगणकाशी जाऊन बसली.

काम अर्धं सोडायचं नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. एक तर पूर्ण पुढे, नाही तर पूर्ण मागे. पण याच धंद्यात एक बारीकशी गोष्ट होती, जी लिहिणाऱ्यांनाच ठाऊक असते. उलट्या प्रवासात एखादी पायरी कोसळली तर इन्स्टॉलर तिच्यासाठी रडत बसत नाही. तो तिला ओलांडतो आणि राहिलेलं मागे नेतो. आणि तिची पायरी वेगळ्या खोलीत चालली होती, तेवढीच बंद करता येण्याजोगी.

"जुन्या नकाशाची प्रत माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "कधीही परत घालता येईल. डॉक्टर?"

"त्यांनी सांगितलंय. मी साक्षीदार आहे. कर."

कावेरीनं चालू प्रोसेसची यादी उघडली, त्यात स्वतःचा कोड शोधला आणि तो बंद केला. पडद्यावरची वाट पाहणारी ओळ नाहीशी झाली. पट्टी क्षणभर थबकली आणि उलट सरकत सरकत रिकामी झाली. जुनी यंत्रणा जागेवर आली, नकाशा तेवढा परत गेला नाही. आण्णांच्या डोक्यातला सेतू शांत राहिला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. काही सकाळी आण्णांना शब्दच फुटेना. चुलत भावाच्या नातवाच्या लग्नात लोक त्यांना बोलके समजून भोवती जमले, आणि ते घामाघूम होऊन उठून आले. त्या संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'घाल परत.' कावेरी मिरजेला निघाली. ती पोचेपर्यंत पाटी पुसलेली होती आणि आण्णा अंगणात आईशी तावातावानं, एकेक शब्द ढकलत, कढीत गूळ घालावा की नाही यावर भांडत होते. आई त्यांचा एकही शब्द पुरा करत नव्हती. भांडण त्यामुळे फार लांबलं.

संध्याकाळचे फोन परत सुरू झाले. आधी जी गोष्ट पाच मिनिटांत व्हायची तिला आता सगळी संध्याकाळ लागायची. कावेरी फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या करायची, आणि शब्द अडला की लाटणं थांबवायची.

इकडे डॉक्टर मुजावरांनी बाकीच्या रुग्णांचे नकाशे मागवून घेतले. काहींचे भरगच्च होते. काहींचे, आण्णांसारखेच, जागोजाग विरळ होत चालले होते. पत्र्यांखाली, कुणाच्या नकळत, कितीतरी मेंदूंत वाटा बांधल्या जात होत्या.

मग कावेरीनं इन्स्टॉलर नव्यानं लिहिला. नकाशा बाहेर काढणं आणि परत घालणं यांच्या मधे तिनं आणखी एक कस्टम ॲक्शन ठेवली. तिच्यात कोड अगदी थोडा होता. काही लिहायचं नाही, काही बदलायचं नाही. सेतू रिकामा ठेवायचा, माणसाच्या मेंदूकडे कान लावायचा आणि थांबायचं. आतून काही आलं तर त्या माणसाला विचारायचं, नाही आलं तर नकाशा परत घालायचा. इन्स्टॉलर काहीच न करता थांबतो हे कंपनीत अनेकांना पटेना. "पट्टी सरकत नाही म्हटल्यावर लोकांना वाटेल अडकलाय," असं कुणी म्हणालं. कावेरी म्हणाली, "वाटू दे."

ती पायरी पहिल्यांदा चालली शालन कोळेकरांवर. तासगावच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सेतू बसायच्या आधी वर्षभर त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. त्यांचा नकाशा भरलेला होता, अगदी थोडा विरळ. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, फार आशा ठेवू नका. खोलीत त्यांचा मुलगा होता, सून होती, दोन परिचारिका आणि दारात उभे राहिलेले तीन शिकाऊ डॉक्टर.

नकाशा बाहेर आला. प्रवाह शून्यावर गेला. पट्टी थांबली. छताचा पंखा तेवढा फिरत होता. शालनताई छताकडे बघत पडून होत्या. मुलानं एकदा हाक मारायला तोंड उघडलं, डॉक्टरांनी हातानं गप्प केलं. काहीच झालं नाही. अजून काहीच झालं नाही. कावेरीनं नकाशा परत घालायच्या बटणाकडे हात नेला.

शालनताईंचे ओठ हलले. घशातून खरखर आली. मग जड, घोगरा, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखा आवाज.

"पंखा... बंद करा की. गारठा लागतोय."

कुणीही हललं नाही. मुलगा, सून, परिचारिका, डॉक्टर, सगळे तिथल्या तिथे उभे. पंखा फिरतच राहिला, आणि शालनताईंना ते पुन्हा सांगावं लागलं.